तुर्की ‘गुवेच’साठी मसाल्यांची निवड : बंगळुरूच्या बाजारातून

बंगळुरू : मातीच्या भांड्यात मांस आणि भाज्या एकत्र रचून, झाकण लावून, मंद आचेवर दीड-दोन तास शिजवलेला ‘गुवेच’ हा तुर्कस्तानातील एक पारंपरिक पदार्थ होय. परदेशी पाककृती घरी करून पाहणाऱ्यांची संख्या वाढत असताना या पदार्थाविषयीही उत्सुकता दिसते. तो करताना पहिली अडचण येते ती मसाल्यांची. तुर्की पाककृतीत लिहिलेली नावे भारतीय किराणा दुकानात आढळत नाहीत. आणि जी नावे ओळखीची वाटतात, त्यांमागील वस्तू अनेकदा वेगळीच असते. बंगळुरूसारख्या शहरात केआर मार्केट, रसेल मार्केट, तरगुपेट येथील बाजारांत गुवेचला लागणारे जवळजवळ सर्व गुणधर्म उपलब्ध आहेत. मात्र त्यांची निवड नावावरून केल्यास पदार्थ बिघडतो, गुणावरून केल्यास साधतो. ही निवड कशी करावी, कोणता मसाला कशाच्या जागी चालतो, कोणता चालत नाही आणि खरेदी करताना शुद्धता कशी पारखावी, याचा हा आढावा.

पदार्थ आणि भांडे

‘गुवेच’ हे नाव मुळात भांड्याचे आहे. जाड बुडाच्या मातीच्या मडक्याला तुर्की भाषेत गुवेच म्हणतात आणि त्यात शिजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडले. आपल्याकडे ‘हंडी’ हा शब्द भांडे आणि पदार्थ अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो, तसाच हा प्रकार. त्यात मेंढीचे किंवा कोकराचे मांस, वांगी, टोमॅटो, हिरवी मिरची, कांदा, लसूण आणि ऋतुमानाप्रमाणे भेंडी, बटाटा किंवा शेंगा असतात. समुद्रकिनाऱ्यावरील गावांत कोळंबीचे गुवेच केले जाते. केवळ भाज्यांचेही केले जाते. पूर्वी हे मडके लाकडाच्या भट्टीत ठेवले जाई. मध्य आनातोलियात याच कुळातला ‘तेस्ती कबाब’ प्रसिद्ध आहे. त्यात सुरईसारख्या मडक्याचे तोंड बंद करून मांस शिजवतात आणि वाढताना ते मडकेच फोडतात.

या पदार्थाचा स्वाद मुख्यतः मांसाचा रस, वांग्याचा मऊपणा, टोमॅटोचा आंबटपणा आणि लसूण यांतून येतो. मसाले मोजके असतात : भरड लाल मिरची, काळी मिरी, ‘केकिक’ नावाची सुगंधी वनस्पती, क्वचित जिरे, एखादे तमालपत्र आणि काही ठिकाणी ‘यनिबहार’. टोमॅटोचा किंवा लाल मिरचीचा घट्ट, उन्हात आटवलेला गर वापरतात, त्याला ‘साल्चा’ म्हणतात. भारतीय स्वयंपाकघरात मांसाचा रस्सा म्हटले की हात आपोआप गरम मसाल्याच्या डब्याकडे जातो. गुवेचमध्ये तो हात आवरावा लागतो. धणे, हळद, चक्रीफूल, जायपत्री आणि वेलची एकत्र पडली की जे तयार होते ते चवदार असू शकते, पण ते मटणाचा रस्साच असते.

मिरी, मिरची आणि ‘बिबेर’

मसाल्यांच्या नावांचा घोळ का होतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. तुर्की भाषेत काळी मिरी म्हणजे ‘करबिबेर’ आणि लाल मिरची म्हणजे ‘किर्मिझी बिबेर’. ‘कर’ म्हणजे काळा. ‘किर्मिझी’ हा शब्द मराठीत ‘किरमिजी’ या रूपाने परिचित आहेच. ‘बिबेर’ हा शब्द ग्रीक भाषेतून तुर्कीत आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘पिप्पली’ या शब्दापर्यंत पोहोचते. म्हणजे भारतातील पिंपळीचे नाव प्रवास करत मिरीला लागले आणि पुढे अमेरिका खंडातून आलेल्या मिरचीलाही मिळाले.

मराठीतही नेमके असेच घडले. मिरची भारतात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आली. ती तिखट असल्यामुळे तिला आधीपासून ठाऊक असलेल्या तिखट पदार्थाचे, म्हणजे मिरीचे, नाव देण्यात आले. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने मिरी आणि मिरची यांचा काहीही संबंध नाही. मिरीचा तिखटपणा पायपरीन या द्रव्यामुळे असतो, तर मिरचीचा कॅप्सेसिनमुळे. त्यामुळे पाककृतीत केवळ ‘बिबेर’ असे लिहिले असेल तर काळी की लाल, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

मिरीचा हा प्रवास पश्चिम किनाऱ्यावरून होत असे. १५१७ मध्ये उस्मानी सत्तेने इजिप्त जिंकल्यानंतर तांबड्या समुद्रातून कैरोमार्गे जाणारा मसाल्याचा व्यापार तिच्या अमलाखाली आला. इस्तंबूलमधील सुप्रसिद्ध मसाला बाजार सतराव्या शतकात उभा राहिला. त्याचे नाव आजही ‘मिसर बाजार’ असेच आहे. कर्नाटकाशीही या व्यापाराचा धागा जुळतो. म्हैसूरचा शासक टिपू सुलतान याने १७८६ मध्ये उस्मानी सुलतानाकडे शिष्टमंडळ रवाना केले, तेव्हा त्याच्या जहाजांवर विक्रीसाठी मिरी, वेलची आणि चंदन होते. आज देशातील मिरीच्या उत्पादनात कर्नाटक आघाडीवर असून कोडगू, चिक्कमगळुरू आणि हासन हे जिल्हे त्यासाठी ओळखले जातात. गुवेचसाठी लागणारी मिरी त्यामुळे बंगळुरूकरांना सहज आणि उत्तम मिळते. दाणा जड, गडद आणि सुरकुतलेला असावा. पूड विकत न घेता ऐनवेळी भरड कुटावी.

भरड लाल मिरची : ब्याडगीचा पर्याय

गुवेचमधील मुख्य मसाला म्हणजे ‘पुल बिबेर’, अर्थात भरड कुटलेली लाल मिरची. तिचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला कहरामानमाराश प्रांतातील. फेब्रुवारी २०२३ च्या विनाशकारी भूकंपामुळे या प्रांताचे नाव जगभर पोहोचले. येथील मिरची लालभडक, मध्यम तिखट आणि किंचित फळासारख्या आंबटगोड चवीची असते. दुसरा प्रकार उर्फा भागातील ‘इसोत’. ही मिरची दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री झाकून ठेवतात. त्यामुळे तिला घाम सुटल्यासारखा ओलावा राहतो, रंग काळपट जांभळा होतो आणि धुरकट, मनुकेसारखी चव येते. दोन्ही प्रकारांत बिया बऱ्याच अंशी काढून टाकतात आणि भरड कुटताना थोडे मीठ व तेल चोळतात.

भारतीय बाजारातील सर्वसाधारण तिखटाची पूड याला पर्याय ठरत नाही. ती बारीक असल्याने रस्सा दाट व गढूळ करते आणि तिखटपणा इतका असतो की हवा तेवढा रंग येईपर्यंत पदार्थ जाळ होतो. गुंटूरची मिरची यासाठी अधिकच अयोग्य. जवळचा पर्याय आहे हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची, जिला मराठी घरांत ‘बेडगी’ म्हणतात. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग गडद, तिखटपणा सौम्य आणि साल सुरकुतलेली असते. बाजारात तिचे ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’ असे दोन प्रकार मिळतात. डब्बी आखूड व फुगीर, तर कड्डी लांब व सडपातळ असते. गुवेचसाठी रंगाने समृद्ध अशी डब्बी अधिक सोयीची.

कृती सोपी आहे. सात-आठ ब्याडगी मिरच्यांचे देठ आणि बहुतेक बिया काढाव्यात, मिरच्या कोमट तव्यावर एखादा मिनिट केवळ कुरकुरीत होईपर्यंत ठेवाव्यात, करपू देऊ नयेत. खलबत्त्यात भरड कुटून त्यांना चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तेल चोळावे. इसोतचा धुरकटपणा हवा असल्यास त्यातील एक-दोन मिरच्या थोड्या अधिक भाजाव्यात आणि दोन काळ्या मनुका बारीक चिरून मिसळाव्यात. ही नक्कल तंतोतंत होत नाही, मात्र पदार्थातील तिचे काम ती नीट पार पाडते.

केकिक, ओवा आणि पानओवा

तुर्कीत ‘केकिक’ हे एका वनस्पतीचे नाव नाही. ओरेगॅनो, थाइम आणि त्यांच्या जवळच्या अनेक रानवनस्पतींना सरसकट केकिक म्हणतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही सुगंधी द्रव्ये. भारतीय नाकाला हा वास अनोळखी नाही, कारण थायमॉल हेच ओव्याच्या वासाचे मूळ आहे.

तथापि ओव्याचे दाणे येथे जपून वापरावेत. त्यांचा उग्रपणा बंद भांड्यात वाढत जातो आणि इतर स्वादांवर मात करतो. बंगळुरूच्या असंख्य घरांच्या गच्चीवर आणि कुंड्यांत असणारी ‘दोड्डपत्रे’ ही वनस्पती अधिक उपयुक्त आहे. मराठीत तिला पानओवा म्हणतात. तिच्या जाड, लवदार पानांतही हीच सुगंधी द्रव्ये असतात. कर्नाटकात या पानांची ताकातील ‘तंबुळी’ आणि भजी केली जातात, सर्दी-खोकल्यावरही ती देतात. गुवेचसाठी चार-पाच पाने बारीक चिरून शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालावीत. वाळलेला ओरेगॅनो मोठ्या दुकानांत मिळतो. तो घेतल्यास मीठ, तिखट वा लसूण मिसळलेली पुडी न घेता केवळ पानांची निवडावी.

दोन वेगळी तमालपत्रे

नावाने सर्वाधिक फसवणूक होते ती तमालपत्राच्या बाबतीत. तुर्की स्वयंपाकातील ‘देफ्ने’ हे भूमध्य समुद्राच्या परिसरातील लॉरेल वृक्षाचे पान. भारतीय तमालपत्र हे दालचिनीच्या कुळातील वृक्षाचे पान. दोन्ही वाळलेली, हिरवट तपकिरी आणि लांबट असल्यामुळे एकच समजली जातात. ओळखण्याची खूण साधी आहे. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच ठळक शीर असते आणि त्यातून बाजूच्या शिरा फुटतात. भारतीय तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन समांतर शिरा स्पष्ट दिसतात. लॉरेलचा वास निलगिरीकडे झुकणारा, तर भारतीय पानाचा दालचिनी-लवंगेकडे झुकणारा असतो.

एकाऐवजी दुसरे वापरल्याने पदार्थ खराब होत नाही, पण त्याची दिशा बदलते. लॉरेल न मिळाल्यास भारतीय पान अर्धेच घालावे. त्यानंतर दालचिनी व लवंग पूर्णपणे वगळावी, कारण त्यांचा गंध पानातूनच आलेला असतो.

यनिबहार, कबाबचिनी आणि दालचिनी

‘यनिबहार’चा शब्दशः अर्थ नवा मसाला. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरील एका झाडाची ही वाळलेली फळे. इंग्रजीत त्यांना ऑलस्पाइस म्हणतात. भारतात काही विक्रेते त्यांना ‘कबाबचिनी’ म्हणून देतात. मूळ कबाबचिनी ही मिरीच्या कुळातील, मागे शेपटीसारखा देठ असलेली, कडवट आणि कापरासारख्या चवीची असते. दाण्याला शेपटी असेल तर ती कबाबचिनी, गोल आणि गुळगुळीत-खरखरीत तपकिरी दाणा असेल तर यनिबहार, एवढे लक्षात ठेवावे. यनिबहारमधील प्रमुख सुगंधी द्रव्य युजेनॉल लवंगेतही असते. त्यामुळे दोन लवंगा आणि पाच-सहा मिरीदाणे एकत्र कुटून तिची उणीव भागवता येते.

दालचिनी तुर्की स्वयंपाकात मुख्यतः भात, सारण आणि गोड पदार्थांत येते. गुवेचमध्ये ती सहसा नसते. तरीही वापरायची असल्यास कोणती दालचिनी, हा प्रश्न आरोग्याशी निगडित आहे. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, ठिसूळ आणि सिगारसारख्या अनेक पदरांच्या गुंडाळीत असते. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची साल म्हणजे कॅसिया. कॅसियामध्ये कुमारिन या द्रव्याचे प्रमाण बरेच अधिक असते आणि ते सतत मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपायकारक ठरू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कुमारिनची दैनंदिन सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. एखाद्या वेळच्या रस्स्यातील लहान तुकड्याने धोका नाही. रोजच्या वापरासाठी मात्र निवड जाणीवपूर्वक असावी.

जिरे, पुदिना आणि सुमाक

जिरे दोन्ही देशांत पिकते आणि दोन्हीकडे तेच आहे, त्यामुळे येथे पर्यायाचा प्रश्न येत नाही. फरक आहे तो वापरात. आपण जिरे गरम तेलात फोडणीला टाकतो. तुर्कीत ते बहुधा पूड करून मांसाला चोळतात. पुदिन्याचेही तसेच. भारतात तो ताजा आवडतो. तुर्कस्तानात वाळवलेला पुदिना गरम लोण्यात क्षणभर परतून वरून ओततात. पुदिना घरी सावलीत चार-पाच दिवसांत वाळतो. बाजारातून आणण्याची गरज नाही.

‘सुमाक’ ही लालसर, आंबट फळांची भरड पूड. ती पदार्थात शिजवत नाहीत, सोबतच्या कांद्यावर भुरभुरतात. तिच्या जागी कोकणातील आमसुले वाळवून केलेली पूड रंग आणि आंबटपणा या दोन्ही बाबतीत जवळची ठरते. आमचूर चालते, परंतु त्याला रंग नसतो. साल्चासाठी ब्याडगी मिरची कोमट पाण्यात भिजवून वाटावी, त्यात टोमॅटोचा गर मिसळून तेलात पाणी आटेपर्यंत परतावी.

बंगळुरूच्या मराठा खानावळींचा धडा

एका भांड्यातील पदार्थासाठी मोजका मसाला निवडण्याची परंपरा बंगळुरूला नवी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि पुढे ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. मराठी बोलणारी कुटुंबे शहरात टिकून राहिली. त्यांपैकी काहींनी चालवलेल्या मांसाहारी खानावळी ‘मिलिटरी हॉटेल’ या नावाने ओळखल्या जातात. कॉटनपेठेतील एस. जी. राव मिलिटरी हॉटेल १९०८ मध्ये सुरू झाल्याचे सांगितले जाते. जयनगरमधील शिवाजी मिलिटरी हॉटेलही प्रसिद्ध आहे.

या खानावळींतील दोन्ने बिर्याणी सुपारीच्या पोफळीच्या किंवा इतर पानांच्या द्रोणात वाढली जाते. कन्नड ‘दोन्ने’ म्हणजे मराठी ‘द्रोण’. तिच्यात केशर नसते, बासमतीही नसतो. तांदूळ आखूड दाण्याचा ‘जीरग सांबा’. त्याचा दाणा जिऱ्यासारखा बारीक म्हणून हे नाव. मसाल्याचा मुख्य भाग हिरवा असतो : कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आले आणि लसूण. खडा मसाला थोडाच. बहुतेक ठिकाणी तांदूळ मांसाच्या रश्श्यातच शिजतो, त्यामुळे वाढवलेला प्रत्येक मसाला दाण्यात मुरतो आणि चूक लपत नाही.

येथेही नावाचा एक चकवा आहे. कर्नाटकातील मसाल्यांत ‘मराठी मोग्गू’ हा जिन्नस असतो. त्याचा शब्दशः अर्थ मराठी कळी. बिसी बेळे भाताच्या मसाल्यात तो आवर्जून घालतात. महाराष्ट्रातून आलेल्या गृहिणीला हे नाव आपले वाटते, पण बहुतांश मराठी घरांत तो वापरात नाही. तो सावरीच्या कुळातील झाडाचा वाळलेला कळीसारखा भाग असून मोठ्या लवंगेसारखा दिसतो. लवंग किंवा नागकेशर समजून तो वापरल्यास अपेक्षित गंध मिळत नाही. गुवेचमध्ये त्याला स्थान नाही.

गुवेच आणि दोन्ने बिर्याणी यांच्यात समान मसाला जवळजवळ नाही. एकात वाळलेली भरड मिरची, दुसऱ्यात हिरवे वाटण. समान आहे ती पद्धत : जे परिसरात पिकते ते निवडायचे आणि प्रत्येक जिन्नसाला एक काम द्यायचे.

कोणता मसाला केव्हा

बंद भांड्यात सुगंधी तेले बाहेर पडू शकत नाहीत. उघड्या कढईत उडून जाणारा लवंगेचा दर्प येथे रस्स्यातच राहतो, म्हणून खडा मसाला नेहमीच्या निम्म्याने घालावा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा, दोन्ही पाण्यात नव्हे तर स्निग्ध पदार्थात विरघळतात. भरड मिरची सुरुवातीला कोमट तेलात अर्धा मिनिट फिरवावी. धूर निघण्याइतके तेल तापल्यास ती काळी पडून कडू होते. जिऱ्याची पूड आणि निम्मी मिरी मांसाला चोळून अर्धा तास ठेवावी. तमालपत्र मध्ये ठेवावे आणि वाढण्यापूर्वी काढावे. केकिक, उरलेली मिरी आणि पुदिना शेवटी घालावा, कारण नाजूक गंध दीर्घ उष्णतेत टिकत नाही. आंबटपणा मांस शिजवण्याचा वेळ वाढवतो असे जाणवल्यास टोमॅटो अर्ध्या वेळेनंतर घालावा. भारतात मिळणारे बोकडाचे मांस कोकरापेक्षा उशिरा शिजते, हेही ध्यानी घ्यावे.

शुद्धतेची पारख

मसाल्यांतील भेसळ हा केवळ चवीचा विषय राहिलेला नाही. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल या पदार्थांतील कृत्रिम रंगांवर, तर जून २०२४ मध्ये कबाबांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्याच वर्षी हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाला मिश्रणांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर केल्यानंतर मसाला मंडळाने तेथील निर्यातीसाठी तपासणी सक्तीची केली.

घरच्या पातळीवर काही साध्या चाचण्या करता येतात. मिरी पाण्यात टाकल्यास शुद्ध दाणे तळाशी बसतात. पपईच्या बिया तरंगतात. तेल काढून घेतलेल्या लवंगाही पाण्यावर तरंगतात. जिरे तळहातावर चोळल्यावर हात काळा झाला, तर कोळशाने रंगवलेल्या गवताच्या बियांची भेसळ संभवते. तिखटाची पूड पाण्याच्या पृष्ठभागावर टाकल्यावर रंगाच्या धारा खाली उतरल्या, तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग मिसळलेला असतो. मात्र सुदान हा बंदी असलेला घातक रंग तेलात विरघळणारा असल्याने या चाचणीत तो सापडत नाही. तो केवळ प्रयोगशाळेत कळतो. अख्खी मिरची घेऊन घरी कुटणे हा त्यावरील खात्रीचा उपाय. तयार पूड घ्यायचीच असल्यास वेष्टनावर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि शक्यतो ॲगमार्क पाहावा.

भांड्याची निवडही याच कसोटीवर करावी. बंगळुरूच्या ‘पॉटरी टाउन’ भागात कुंभारकाम आजही चालते आणि साधी मडकी मिळतात. चकाकणारा लेप दिलेले भांडे घेताना तो शिसेमुक्त असल्याची खात्री हवी, कारण टोमॅटोचा आंबटपणा लेपातील शिसे अन्नात उतरवू शकतो. नवे मडके रात्रभर पाण्यात ठेवावे, थंड असतानाच चुलीवर चढवावे आणि खाली तवा ठेवून आच हळूहळू वाढवावी.

चार-पाच जणांसाठी प्रमाण

अर्धा किलो मटण, पाव किलो वांगी, तीन टोमॅटो, दोन कांदे आणि सात-आठ लसूण पाकळ्या यांसाठी पुढील प्रमाण पुरेसे होते : भरड ब्याडगी मिरची दोन चमचे, भरड मिरी अर्धा चमचा, जिऱ्याची पूड अर्धा चमचा, लॉरेलचे एक किंवा भारतीय तमालपत्राचे अर्धे पान, पानओव्याची चार-पाच पाने किंवा वाळलेला ओरेगॅनो एक चमचा, मिरची-टोमॅटोचा आटवलेला गर एक मोठा चमचा, मीठ चवीनुसार. यनिबहारचे तीन दाणे किंवा दोन लवंगा ऐच्छिक असून अर्धे भारतीय तमालपत्र घातल्यास त्या वगळाव्यात. येथे चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा.

शाकाहारी गुवेचसाठी मटणाऐवजी बटाटा, भेंडी आणि भिजवलेले काबुली चणे घ्यावेत. भाज्यांना मांसाची चरबी नसल्याने तेल किंवा लोणी दोन चमचे वाढवावे, अन्यथा मिरचीचा रंग रस्स्यात उतरत नाही. लवंग व यनिबहार वगळावे आणि मिरी निम्मी करावी. पहिल्यांदा करताना चव कमी वाटल्यास नवा मसाला न वाढवता आधी मीठ, मग आंबटपणा आणि शेवटी मिरची या क्रमाने पाहावे. बहुतेक वेळा उणीव पहिल्या दोहोंतच सापडते.